पाणी येण्याचा दिवस

आमच्याकडे नेमबाजीचा मुहूर्त पंचांगात नसतो,
नळाच्या वेळापत्रकात असतो.
चौथ्या दिवशी पाणी, कधी पाचव्या.
काळी दारू उडवली की त्याच संध्याकाळी धुवायचं,
नाहीतर उरलेली काजळी रात्रभर हवेतला ओलावा पिते.
सोलापूरच्या हवेत ओलावा!
बाबा हसायचे. तिला सापडतो, म्हणायचे,
आपल्याला सापडत नाही एवढंच.
सकाळी नळीत तांबूस लव उगवलेली असते.

काल पाणी येणार होतं,
म्हणून काल मी आणि दस्तगीर मिस्त्री
देगावच्या पुढे, बंद पडलेल्या खाणीत.
परवाना आता माझ्या नावावर.
श्रीलता नरसय्या बोद्दूल. नोकरी, बँक. कारण, वारसा.
त्या शब्दावर साहेबांनी चष्मा काढून पुसला होता.

सहा घरं.
पाच भरायची, एक रिकामं,
त्या रिकाम्यावर घोडा निजवायचा.
दारूचं माप म्हणजे मिलच्या बॉबिनची पितळी टोपी,
मिल बंद झाली तेव्हा मिस्त्रींनी खिशातून आणलेली,
पगाराच्या थकबाकीत धरून.
वर गोळी ठेवून दांडा दाबला
की शिशाची बारीक कडी तासून निघते.
निघाली म्हणजे घर बंद झालं.
लहानपणी मी ती बाहुलीच्या नाकात घालायचे.

मग तोंडावर मेण आणि चरबी.
ही विसरलात तर एका घराची ठिणगी
शेजारच्या घरात शिरते,
तिथून पुढच्या.
बाबांच्या डाव्या तर्जनीचं पेर
एका रविवारी त्या विसरण्यात गेलं.
मिस्त्री दर वेळी तेच सांगतात,
"पडोस है बेटी, पन बीच में थोडी चरबी होना."

खोक्याचा पुठ्ठा, त्यावर चादरीच्या कारखान्याचा मोर.
आवाजापेक्षा धूर जास्त.
इतका पांढरा, की लागलं का हे
थांबूनच बघावं लागतं.
घोडा ओढताना नळी आभाळाकडे,
फुटकी टोपी मागे गळावी, आत यंत्रात शिरू नये.
तिसरी शिरलीच.
मिस्त्रींनी सदऱ्याची सेफ्टीपिन काढली,
चाळीस वर्षं तुटलेले धागे पकडणाऱ्या बोटांनी
तो तांब्याचा तुकडा उचलला,
आणि उघड्या गळ्याने पुढचे दोन बार ऐकत उभे राहिले.
पाचांत दोन. मोराचं शेपूट.

घरी आले तर नळ कोरडा.
मोठी लाइन फुटली, मोबाइलवर निरोप.
पिंपात गाळाखेरीज काही नव्हतं.

महानंदा कलशेट्टींच्या दारात गेले.
"कशाला ग बाई, या वेळेला?"
"बाबांचं धुवायचंय."
बाबा जाऊन नऊ महिने झालेत.
ती काही बोलली नाही.
झाकलेला हंडा पायाने पुढे सरकवला,
सकाळच्या चहाचं पाणीही त्यातच होतं.

हंडा तसाच गॅसवर ठेवला.
खुंटी ठोकून नळी सुटी केली, चक्र काढलं,
सहाही कान पान्याने सोडवले.
साबण, जुन्या पंच्याच्या चिंध्या.
उकळतं पाणी नळीतून गेलं
आणि सडक्या अंड्यांचा वास जिन्यापर्यंत.
तिचा नातू नाक धरून पळाला.
पहिलं पाणी शाईसारखं,
दुसरं राखेचं,
तिसरं जवळजवळ पाणीच.
लोखंड इतकं तापलेलं, की पुसायच्या आत वाळलं.

करडईचं तेल नाही, मिस्त्री फोनवर ओरडले.
आपल्या रानात पिकतं म्हणून सगळ्याला लावायचं?
वाळून डिंक होतो.
म्हणून खोबरेल, बोटाने, सगळ्या घरांत.
सहाव्यातही,
जिथे काल काही घडलंच नव्हतं.
तिथेही थोडी काजळी होती.

चक्र मी हंड्यातच बुडवलं होतं.
विसळायला पाणी उरलं नाही,
तसाच परत दिला.
महानंदाने आत वाकून बघितलं, वास घेतला,
"अगं बाई, हे कसले कपडे?"

पाणी आलं की सांगते, म्हटलं.